तीन-चार सेकंदांत संपणाऱ्या प्रोग्रॅमसाठी गार्बेज कलेक्शन कसे जुळवावे?

रात्रपाळी (प्रश्न)

नमस्कार. आमच्याकडे रोज रात्री काही हजार एक्सएमएल फायली तपासून त्यांचे दुसऱ्या स्वरूपात रूपांतर करण्याचे काम चालते. हे काम करणारा प्रोग्रॅम जावात, जेडीके (जावाचा विकास-संच) १७ वर, लिहिलेला आहे. प्रत्येक फायलीसाठी तो नव्याने सुरू होतो, तीन-चार सेकंद चालतो आणि संपतो. एकच प्रक्रिया चालू ठेवून तिच्यातून सगळ्या फायली काढणे अधिक शहाणपणाचे ठरले असते याची कल्पना आहे. परंतु आम्ही वापरतो ती तपासणीची लायब्ररी स्वतःची अंतर्गत स्थिती मागे ठेवते आणि पुढच्या फायलीच्या निकालात गोंधळ करते, म्हणून तो मार्ग सध्या बंद आहे. यंत्राला १६ कोअर आणि ३२ जीबी मेमरी आहे, आणि एका वेळी प्रोग्रॅमच्या १२ प्रती चालतात.

काम सकाळपर्यंत उरकेनासे झाल्यामुळे मी गार्बेज कलेक्शनचा (जीसी, म्हणजे निरुपयोगी झालेली मेमरी आपोआप मोकळी करण्याचे काम) लॉग सुरू करून पाहिला, तेव्हा तीन सेकंदांच्या आयुष्यात बावीस वेळा कलेक्शन होत असल्याचे दिसले. एका सहकाऱ्याने सुचवल्यावरून विरामाचे (कलेक्शनसाठी प्रोग्रॅम थांबतो त्या वेळेचे) लक्ष्य ठरवणारा ‘मॅक्स-जीसी-पॉज-मिलिस’ हा पर्याय २०० वरून ५० वर आणला. त्यामुळे विराम लहान झाले खरे, पण एकूण वेळ कमी होण्याऐवजी थोडा वाढलाच. हे असे उलटे का व्हावे? आणि प्रोग्रॅम संपताच ऑपरेटिंग सिस्टिम सगळी मेमरी परत घेणारच असेल, तर इतक्या अल्पायुषी प्रोग्रॅममध्ये कलेक्शन मुळात हवेच कशाला? ते सरळ बंद करून टाकावे का?

याच कामाच्या आधी एक पायथनची स्क्रिप्टही चालते. तिच्याबाबतही काही सांगता आले तर उपकार होतील.

ढिगारा (उत्तर)

तुमच्या सहकाऱ्याचा सल्ला चुकीचा नाही, तो दुसऱ्या प्रकारच्या प्रोग्रॅमसाठी आहे. समोर बटण दाबून वाट पाहणारा माणूस असेल, तर एखादा २०० मिलिसेकंदांचा विराम त्याला जाणवतो आणि तो कमी करण्यासाठी एकूण कामात थोडी वाढ सोसणे परवडते. तुमच्या फायलींपैकी एकीलाही विराम जाणवत नाही. तुम्हाला मोजायच्या आहेत दोनच गोष्टी: सुरुवातीपासून शेवटपर्यंत लागलेला वेळ, आणि त्या काळात मेमरीने गाठलेली कमाल पातळी.

(पर्यायांची नावे इथे उच्चाराप्रमाणे लिहितो आहे; आज्ञा देताना ती अर्थातच मूळ रूपात द्यावी लागतील.)

आता उलटे का झाले ते पाहू. जेडीके ९ पासून सर्व्हर-दर्जाच्या यंत्रावर, म्हणजे किमान दोन प्रोसेसर आणि साधारण दोन जीबी मेमरी असलेल्या यंत्रावर, जी१ हा कलेक्टर आपोआप निवडला जातो. हीपचा (ऑब्जेक्ट ठेवण्याच्या मेमरीचा) सुरुवातीचा आकार यंत्राच्या मेमरीच्या चौसष्टाव्या भागाइतका असतो, म्हणजे तुमच्याकडे ५१२ एमबी. नव्या ऑब्जेक्टसाठीची ‘यंग’ जागा जी१ हीपच्या ५ ते ६० टक्क्यांच्या दरम्यान स्वतःच ठरवतो आणि सुरुवात खालच्या टोकाकडून करतो. ५१२ चे ५ टक्के म्हणजे जेमतेम २५ एमबी. विरामाचे लक्ष्य जितके कडक, तितकी ही जागा तो लहान ठेवतो, कारण लहान जागा लवकर साफ होते. म्हणजे तुम्ही त्याला ‘थोडे थोडे, पण वारंवार झाडत राहा’ असे सांगितलेत आणि त्याने ते इमानेइतबारे पाळले.

वारंवार झाडण्याचा खर्च कुठे होतो हे लक्षात घेण्यासारखे आहे. यंग कलेक्शनमध्ये मेलेल्या ऑब्जेक्टवर जवळजवळ काहीच खर्च होत नाही. खर्च होतो तो जिवंत ऑब्जेक्ट शोधून दुसरीकडे हलवण्यावर. एक्सएमएलचे झाड मेमरीत बांधले जात असताना त्याचे जवळपास सगळे नोड जिवंतच असतात, त्यामुळे तेच नोड जुन्या पिढीत (जास्त काळ जगलेल्या ऑब्जेक्टच्या जागेत) बढती मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा उचलून ठेवले जातात. तुमच्या लॉगमध्ये अशा स्वरूपाच्या ओळी असतील:

[०.४१२ से.] जीसी(५) पॉज यंग (नॉर्मल) (जी१ इव्हॅक्युएशन पॉज) ४८एम->३१एम(५१२एम) ९.१ मि.से.

४८ पैकी ३१ एमबी जिवंत निघाले, म्हणजे नऊ मिलिसेकंद खर्चून मोकळे काय झाले तर १७ एमबी, आणि तेही अशा प्रोग्रॅममध्ये की ज्याच्याजवळ अजून ४६० एमबी जागा शिल्लक होती.

याच ओळींवरून एक हिशेब करा. प्रत्येक ओळीतील ‘आधीच्या’ आकड्यातून मागील ओळीतील ‘नंतरचा’ आकडा वजा करा आणि सगळ्या वजाबाक्या मिळवा. ही बेरीज म्हणजे प्रोग्रॅमने जन्मभरात मागितलेली एकूण मेमरी. माझ्या मते अल्पायुषी प्रोग्रॅमसाठी हा एकच आकडा खऱ्या अर्थाने उपयोगाचा आहे, कारण यंग जागा या बेरजेहून मोठी ठेवली की कलेक्शन एकदाही होत नाही. ते बंद करावे लागत नाही. त्याची वेळच येत नाही. आणि एखादी फाइल अनपेक्षितपणे मोठी निघाली तर कलेक्टर जागेवर असतोच.

थ्रेडचा प्रश्न त्याहून लपलेला आहे. प्रोसेसर आठपेक्षा जास्त असले की हॉटस्पॉट ही जेव्हीएम (जावा प्रोग्रॅम चालवणारे आभासी यंत्र) समांतर जीसी थ्रेडची संख्या ‘आठ अधिक उरलेल्यांचे पाच-अष्टमांश’ अशी काढते. १६ कोअरवर ती १३ येते. बारा प्रती एकमेकींविषयी अनभिज्ञ राहून प्रत्येकी १३ पर्यंत थ्रेड मागू शकतात, म्हणजे १६ कोअरवर १५६ थ्रेड. कमाल हीपचेही तेच: न सांगितल्यास ती एकूण मेमरीच्या पाव इतकी, म्हणजे ८ जीबी धरली जाते आणि बाराही प्रतींनी तिथवर मजल मारली तर ३२ जीबीच्या यंत्रावर ९६ जीबीची मागणी होते. ‘यंत्रावर आपण एकटेच आहोत’ हे जेव्हीएमचे गृहीतक तुमच्या बाबतीत साफ खोटे आहे.

म्हणून माझी शिफारस अशी. कलेक्टर सिरियल घ्या (‘युज-सिरियल-जीसी’). त्याला एकच थ्रेड लागतो, आणि समांतरता तुम्ही बारा प्रती चालवून आधीच मिळवलेली आहे. शिवाय ऑब्जेक्टमधील संदर्भ बदलताना जी१ ला जी जास्तीची नोंद ठेवावी लागते, तिच्यापेक्षा सिरियलची नोंद हलकी असते. किमान आणि कमाल हीप दोन्ही १६०० एमबी आणि त्यातली यंग जागा १२०० एमबी ठेवा. यंगचा आठ-दशांश भाग ईडन (नवे ऑब्जेक्ट जिथे जन्मतात ती जागा) असतो, म्हणजे प्रत्यक्षात ९६० एमबी वाटप होईपर्यंत कलेक्शन होणार नाही. बारा प्रतींची हीप मिळून १९ जीबीच्या आसपास जाते. हीपबाहेरच्या गोष्टींना प्रत्येकी ३०० एमबी धरले तरी फाइल-कॅशसाठी पुरेशी मेमरी उरते. किमान हीप मोठी सांगितली म्हणून ती लगेच खर्ची पडत नाही. मेमरीच्या पानाला (ठरावीक आकाराच्या तुकड्याला) प्रत्यक्ष स्पर्श होईपर्यंत कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) ते देत नाही. मात्र ‘ऑलवेज-प्री-टच’ चुकूनही लावू नका, कारण तो पर्याय सुरुवातीलाच सगळ्या पानांना हात लावून येतो.

आणखी एक, जे हीपकडे पाहून कधीच कळत नाही: लॉगमध्ये ‘मेटाडेटा जीसी थ्रेशोल्ड’ असे कारण असलेली ओळ आहे का ते पाहा. क्लासची माहिती ठेवणारा मेटास्पेस सुमारे २१ एमबीवर पोहोचला की पहिले कलेक्शन सुरू होते, मग हीप कितीही रिकामी असो. मोठ्या लायब्ररी वापरणारा प्रोग्रॅम पहिल्याच सेकंदात तिथे पोहोचतो. ‘मेटास्पेस-साइज’ १२८ एमबी केला की हा व्यत्यय नाहीसा होतो.

कंपायलरवाला (उत्तर)

वरच्या उत्तराशी सहमत आहे. फक्त एवढे जोडतो की ‘संपणारच आहे तर झाडायचे कशाला’ हा विचार नवा नाही आणि आळशीपणाचाही नाही. कंपायलर लिहिणाऱ्यांनी तो फार पूर्वीच केलेला आहे. डी भाषेचा मूळ कंपायलर मेमरी मागतो आणि जवळजवळ परत करतच नाही. वॉल्टर ब्राइट यांनी हे वेगासाठी जाणूनबुजून केले. त्याची किंमतही लोकांनी मोजली: मोठ्या प्रकल्पांवर मेमरी अपुरी पडू लागल्याने पुढे कमी मेमरीत चालण्यासाठी वेगळा पर्याय द्यावा लागला.

जीसीसी या कंपायलरच्या आत स्वतःचा कलेक्टर आहे, हे रोज जीसीसी वापरणाऱ्यांनाही अनेकदा ठाऊक नसते. (दोन्ही ‘जीसी’ एकाच वाक्यात आले की वाचणाऱ्याची तारांबळ उडते, त्याला इलाज नाही.) त्याला ‘जीजीसी-मिन-हीपसाइज’ आणि ‘जीजीसी-मिन-एक्सपांड’ अशी दोन परिमाणे आहेत. पहिले म्हणते की हीप इतकी होईपर्यंत झाडूला हातच लावू नका. दुसरे म्हणते की त्यानंतर मागच्या वेळेपेक्षा इतके टक्के वाढ झाल्याशिवाय पुन्हा झाडू नका. पहिल्याचे मूल्य यंत्राच्या मेमरीच्या एक-अष्टमांश धरले जाते, पण १२८ एमबीच्या वर नेले जात नाही. निक्स या पॅकेज व्यवस्थापकाच्या मूल्यमापकानेही हेच केले आहे: सुरुवातीची हीप यंत्राच्या मेमरीच्या पाव, पण जास्तीत जास्त ३८४ एमबी, या हेतूने की बहुतेक वेळा कलेक्शन होऊच नये. पाहा, दोघांनीही कलेक्शन बंद केलेले नाही. पहिली वेळ दूर ढकलली आहे आणि त्या ढकलण्याला मर्यादा घातली आहे.

सरळ बंद करण्याचे प्रसिद्ध उदाहरण पीएचपीच्या कंपोझर या पॅकेज व्यवस्थापकाचे. डिसेंबर २०१४ मध्ये त्यांनी अवलंबित्वे सोडवण्याच्या टप्प्यात कलेक्शन बंद करणारी एक ओळ घातली आणि अनेकांच्या यंत्रांवर वेळ लक्षणीय घटला. तिथे काय घडत होते ते तुमच्यासारखेच आहे. पीएचपीचा चक्र-शोधक (एकमेकांकडेच बोट दाखवणारे ऑब्जेक्ट शोधणारा भाग) संशयित ऑब्जेक्टची यादी दहा हजारांवर गेली की धावत असे. कंपोझर लाखो ऑब्जेक्ट बांधत होता आणि ते सगळे जिवंत होते, म्हणून प्रत्येक धाव रिकाम्या हाताने परत येत होती. २०१८ च्या पीएचपी ७.३ मध्ये ही मर्यादा परिस्थितीनुसार वाढणारी केली गेली.

पायथनच्या स्क्रिप्टलाही हेच तत्त्व लागू पडते, पण अर्धेच. पायथनमध्ये बहुतांश मेमरी संदर्भ-गणनेने (ऑब्जेक्टकडे किती संदर्भ उरले ते मोजून) तत्काळ सुटते आणि ‘जीसी.डिसेबल’ने ती गणना थांबत नाही. थांबतो तो फक्त चक्राकार संदर्भ शोधणारा भाग. अनेक आवृत्त्यांत त्याच्या पहिल्या पिढीची मर्यादा अवघी ७०० होती, त्यामुळे लाखो डिक्शनरी भरणारी स्क्रिप्ट तो पुन्हा पुन्हा तपासत बसते. फाइल वाचून यादी बांधण्याच्या टप्प्यापुरते ते बंद ठेवणे बहुधा निर्धोक असते. एक अपवाद मात्र तुमच्या वाटेतच आहे. स्क्रिप्ट एक्सएमएल वाचणारी ‘मिनीडॉम’ लायब्ररी वापरत असेल, तर त्यातला प्रत्येक नोड आपल्या पालकाकडे आणि पालक मुलांकडे बोट दाखवतो. हे चक्रच आहे. जीसी बंद ठेवून एकाच स्क्रिप्टमध्ये शेकडो फायली एकामागून एक उघडल्या, तर एकही झाड सुटणार नाही. प्रत्येक फाइल झाल्यावर ‘अनलिंक’ ही मेथड बोलावली की चक्र तुटते आणि संदर्भ-गणना उरलेले काम करते.

शंकेखोर (उत्तर)

वरील दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, तरीही ‘जितकी हीप मोठी तितके बरे’ असा अर्थ कोणी काढू नये म्हणून लिहितो.

मेमरी फुकट मिळत नाही. कर्नलकडून आलेले प्रत्येक नवे पान आधी शून्यांनी भरले जाते आणि त्याच्या पहिल्या स्पर्शाला पेज फॉल्ट होतो, म्हणजे पान मिळवण्यासाठी कर्नलला मध्ये पडावे लागते. साधे पान ४ केबीचे असते. म्हणजे कलेक्शन टाळण्यासाठी ९०० एमबी नवी मेमरी वापरली, तर सुमारे २,३०,००० फॉल्ट. उलट यंग जागा प्रोसेसरच्या कॅशमध्ये मावण्याइतकी लहान असेल आणि बहुतेक ऑब्जेक्ट खरोखरच लगेच मरत असतील, तर तीच तीच गरम जागा फिरवून वापरणे नवी पाने मागण्यापेक्षा स्वस्त पडू शकते. हॅस्केल भाषेच्या जीएचसी कंपायलरने वाटप-क्षेत्राचा मूळ आकार बराच काळ १ एमबी ठेवला होता आणि ९.२ आवृत्तीत तो ४ एमबी केला. हे आकडे लहान आहेत ते कॅशकडे बघूनच. तुमच्या बाबतीत झाड शेवटपर्यंत जिवंत राहते, म्हणून मोठी जागा जिंकेल असे मलाही वाटते. पण ‘टाइम’ आज्ञा तपशीलवार पर्यायासह चालवून कमाल मेमरी आणि मायनर फॉल्ट हे दोन आकडे आधी आणि नंतर टिपून ठेवा. एकच प्रत चालवून मोजू नका. बारा प्रती एकाच वेळी मेमरीच्या बसवर तुटून पडतात तेव्हाचे चित्र वेगळे असते.

दुसरे, संपूर्ण बंदीविषयी. जेडीके ११ पासून एप्सिलॉन नावाचा कलेक्टर प्रायोगिक म्हणून मिळतो. तो वाटप करतो, गोळा काहीच करत नाही, आणि हीप भरली की प्रोग्रॅम मेमरी संपल्याच्या त्रुटीने कोसळतो. मोजमापासाठी तो उत्तम आहे: एप्सिलॉनवर लागलेला वेळ हा जीसीची जुळवाजुळव करून गाठता येणारा जवळपास तळ समजा. तो आणि आजचा वेळ यांत फारसा फरक नसेल, तर इथली सगळी चर्चा तुमच्यासाठी निरर्थक आहे आणि दोष दुसरीकडे आहे. रोजच्या कामात मात्र मी तो लावणार नाही. आज ९०० एमबीत बसणारी फाइल उद्या दुप्पट झाली तर रात्री दोन वाजता ते पाहायला कोणी नसेल. जावात निदान त्रुटी तरी येते. गो भाषेत ‘गोजीसी’ बंद करून मर्यादा न घातल्यास लिनक्सचा ओओएम किलर (मेमरी संपल्यावर एखादी प्रक्रिया मारणारा भाग) मध्ये पडतो, आणि तो बळी निवडतो तो तुमच्याच प्रक्रियेतून निवडेल असे नाही. २०२२ च्या गो १.१९ मध्ये ‘गोमेमलिमिट’ आले तेव्हापासून तिथे चांगली जोडी जमते: नेहमीचे कलेक्शन बंद, पण ठरवलेली मर्यादा जवळ आली की सुरू.

तिसरे, जे सहसा विसरले जाते. काही गोष्टींची सुटका मेमरीवर नव्हे, कलेक्टर धावण्यावर अवलंबून असते. न मिटवलेली फाइल कलेक्टरच्या कृपेने मिटत असेल, तर कलेक्शन थांबताच फाइल डिस्क्रिप्टर (उघड्या फायलींचे क्रमांक) साचू लागतात, आणि अनेक यंत्रणांवर प्रक्रियेमागे १०२४ ची मर्यादा असते. जावातील डायरेक्ट बफरचीही तीच गत: मेमरी हीपबाहेर, पण ती सोडण्याचा निर्णय हीपच्या कलेक्शनवर. जीसी क्वचित होऊ लागले की अशा जुन्या चुका उघड्या पडतात आणि दोष नव्या पर्यायांना दिला जातो.

रात्रपाळी

सर्वांचे मनापासून आभार. तीन रात्री मोजून लिहितो आहे.

बेरीज केली तेव्हा मधल्या आकाराच्या फायलींसाठी एकूण वाटप ८५० एमबीच्या आसपास निघाले. मेटाडेटाची ओळही सापडली, पहिल्या सेकंदाच्या आत दोनदा. एप्सिलॉनवर चालवल्यावर एका फायलीचा वेळ ३.२ सेकंदांवरून २.६ वर आला, म्हणजे मिळवण्यासारखे होते ते सगळे मिळून ०.६ सेकंद. सिरियल, १६०० आणि १२०० एमबी, मेटास्पेस १२८ एमबी एवढ्याने तो २.७ झाला आणि बहुतेक फायलींच्या लॉगमध्ये कलेक्शनची एकही ओळ उरली नाही. पेज फॉल्ट वाढले, पण वेळ घटला. विरामाचे लक्ष्य काढून टाकले.

मात्र उरलेल्या २.७ सेकंदांत तपासणी आणि रूपांतर यांना दीड सेकंदही लागत नाही; बाकीचा वेळ क्लास लोड होण्यात जातो, हे मी जीसीच्या मागे लागलो नसतो तर कळले नसते. जेडीके १३ पासून प्रोग्रॅम संपताना क्लासचा संग्रह करून ठेवण्याची सोय आहे. ती वापरल्यावर आणखी अर्धा सेकंद वाचला. जीसीतून मिळाले जवळपास तेवढेच.

एक अडचण उरली आहे. रोज तीन-चार फायली इतक्या मोठ्या येतात की १६०० एमबीत त्या मावत नाहीत. त्यांच्यासाठी सगळ्यांची हीप वाढवणे पटत नाही.

ढिगारा

वाढवूही नका. ‘एक्झिट-ऑन-आउट-ऑफ-मेमरी-एरर’ हा पर्याय लावा. पहिल्या त्रुटीलाच जेव्हीएम ३ हा एक्झिट कोड देऊन बाहेर पडते. तुमच्या शेल स्क्रिप्टने तो कोड पाहून फाइल वेगळ्या यादीत टाकावी आणि बाराही प्रती संपल्यावर ती यादी एकेक करून ८ जीबी हीपवर चालवावी. त्या वेळी यंत्र रिकामे असेल, तेव्हा तिथे सिरियलऐवजी पॅरलल कलेक्टर घ्या. एकच प्रत चालत असताना १३ थ्रेड उपयोगीच पडतील. फक्त अर्धवट लिहिलेली फलित फाइल मागे राहणार नाही याची काळजी घ्या: आधी तात्पुरत्या नावाने लिहा आणि काम पूर्ण झाल्यावरच नाव बदला.